लव्हेंडरबाईची बाटली

लव्हेंडरबाई जिना उतरायला लागली की तिच्याआधी तिचा वास खाली यायचा. पेपर मिलमधून रिटायर झालेल्या नवऱ्याबरोबर ती सिंधीपुऱ्यात आमच्या माडीवर भाड्याने राहायची. लेक जम्मूकडे नोकरीला. तिकडून लव्हेंडरची वाळलेली फुलं आणि अर्क यायचा. जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या पुरचुंड्या शिवून बाई त्या उशीत, पेटीत, कुठेही कोंबायची. कुणाचं डोकं दुखलं तर खोबरेल तेलात दोन थेंब घालून कपाळ चोळायची. "जीव शांत होतो, माय."

"माझा जीव लसणाच्या फोडणीनेही शांत होतो," मी म्हणायचे. ती हसायची आणि माझ्या उशाशी पुरचुंडी ठेवूनच जायची. झोप बरी लागायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

नातवाच्या हळदीला दापोऱ्याच्या पाहुण्या बायका आल्या. हॉलमध्ये गाद्या टाकून सगळ्या एका रांगेत झोपलो. सकाळी माझ्याखालची गादी ओली होती. घरात असं आधीही झालं होतं, चादर मी गुपचूप धुवायचे. आता सून गाद्या उचलत माझ्याकडे येत होती.

"आई, उठा ना, सब लोग रुके हैं!"

मी गोधडी कमरेशी घट्ट धरून बसले. पाहुण्या बघायला लागल्या. संध्याकाळपर्यंत व्याह्यांकडे बातमी गेली असती.

लव्हेंडरबाई चहा घेऊन आली. माझं तोंड पाहिलं, वर गेली आणि अर्काची बाटली आणून सगळ्यांदेखत माझ्या अंगावर ओतली. "अगं बाई, सांडली! मेला हातच धड नाही माझा."

"काय हो काकू, ऐन लग्नात!" सून करवादली.

"ओरड, पण आधी हिला न्हाणीत ने. गादी मी धुते."

गच्चीवर ती गादी घासत होती. मी खाली मान घालून विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मग मी हा वास काय हौसेने पाळलाय, माय?"

नवरा गेल्यावर लेक तिला घेऊन गेली. जाताना तिने एक बाटली माझ्या हातात दिली. तेव्हाही मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

परवा इच्छापूरची नणंद राहायला आली होती. सकाळी चहा थंड झाला तरी ती अंथरुणातून उठेना. गोधडी कमरेशी घट्ट धरलेली. मी कपाटातून बाटली काढली.

"आई, तुम्ही पण ना!" सून ओरडली.

गादी मीच उचलली. नणंदेने मान वर केली नाही.