साहेबाचं इंग्रजी आणि गेटवरच्या थैल्या

रिटर्न आलेला माल आणि साहेबाच्या इंग्रजीचे किस्से, दोन्ही कोणी मागवत नाही आणि दोन्ही साठतच जातात! दापोड्याच्या एका गोदामात मी डिस्पॅच क्लार्क. आमचा नवा मॅनेजर रोज एखादा अवघड इंग्रजी शब्द फेकतो. मी मोबाईलवर त्याचं मूळ शोधतो आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगतो. त्यामुळे माझं नाव पडलंय 'डिक्शनरी'.

*

पहिल्याच आठवड्यात साहेबाने भिंतीवर कागद चिकटवला : 'डेडलाइन म्हणजे डेडलाइन!' मी शोधलं. अमेरिकेत म्हणे युद्धकैद्यांच्या छावणीत एक रेघ असायची. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा.

लोडिंगचे काशिनाथदादा म्हणाले, "मंग बरं होतं त्यांचं. रेघ दिसायची तरी!"

*

मग एकदा, "क्लायंट ऑन टेंटरहुक्स आहे!" मी सांगितलं, म्हणजे त्याचा जीव टांगणीला लागलाय; ओलं कापड ताणून वाळवायला पूर्वी आकड्यांना अडकवायचे, ते हे आकडे.

फोर्कलिफ्टवाले सलीमभाई आधी कापडाच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे रंगाई-धुलाईच्या कारखान्यात होते. म्हणाले, "कपडा तो सूखके उतर जाता है. हम कब उतरेंगे?"

*

त्याच सलीमभाईंना साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. "वी आर लेटिंग यू गो."

"सर, मैंने तो छुट्टी माँगी ही नहीं!"

हाकलताय ना? मग हाकलतोय म्हणा की! माणसाची रोजी काढायची आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं!

*

आमच्याकडे सगळ्यांच्या थैल्या गेटवर ठेवून घेतात. आम्ही चोर ना! काढलेल्या माणसाची थैली मात्र वॉचमन केबिनमध्ये आणून देतो, म्हणजे त्याने परत आत फिरकायला नको. सलीमभाईंची तशीच आली. त्या दिवशी मी 'सॅक' शोधला. इंग्रजीत थैलीही सॅक आणि कामावरून काढणंही सॅक! पूर्वी कारागीर म्हणे आपली हत्यारं थैलीत घेऊन कामावर यायचे. मालकाने थैली हातात दिली की काम संपलं!

चहा तसाच राहिला.

*

महिन्याभराने काशिनाथदादांची थैली केबिनमध्ये गेली. आत डबा आणि पंचा. कारण काय, तर दादा 'स्लो' झाले! हे गोदाम ज्या शेतावर उभं आहे, ते दादांचं. जमीन घेताना मालकाने शब्द दिला होता, तुम्हाला इथे कायमचं काम. अ‍ॅग्रीमेंट इंग्रजीत होतं, त्यात तो शब्द नव्हता!

"नथिंग पर्सनल," साहेब म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. पेन टाकलं, गेटवर गेलो आणि माझी थैली उचलली. मागे वळून पाहतो तर लोडिंगवाले, पॅकिंगच्या बायका, सगळे रांगेत!

साहेबाच्या टेबलावर थैल्यांचा ढीग झाला. लॅपटॉप दिसेना.

"व्हॉट इज धिस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काशिनाथदादांनी माझा हात धरला.

"सांगू नको रे, डिक्शनरी. शोधू दे त्याला!"