आत्याची तळ्यावरची स्वारी

आमची आत्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. चौदा वर्षांपूर्वी शिडीवरून पडली आणि पाय गेले, पण मशीन काही तिने सोडलं नाही. पायाने दाबायची पट्टी वेल्डरकडून कोपराजवळ बसवून घेतली आणि पुन्हा कामाला लागली. तिचे दंड बघून भलीभली गिऱ्हाइकं घासाघीस करायचं विसरतात.

असल्या बाईला हिवाळ्यात मात्र घरात कोंडून घ्यावं लागायचं. रस्त्यावर बर्फ साचला की व्हीलचेअरची चाकं रुतायची. चार-चार महिने खिडकीत बसून ती समोरच्या गोठलेल्या तळ्यावर घसरणारी माणसं बघायची आणि चरफडायची. यंदा एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "अख्ख्या गावात पायरी नाही, रुतणं नाही अशी जागा एकच," ती म्हणाली, "आणि ती मी इतकी वर्षं नुसती बघत बसलेय!"

पुन्हा वेल्डर. त्याने दोन लांब, गुळगुळीत लोखंडी पट्ट्या टोकाशी वळवून दिल्या आणि खुर्ची चाकांसकट त्यांच्यावर घट्ट आवळली. रेटायला दोन आखूड काठ्या, टोकांना खिळे.

बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. खुर्चीमागे कायम तेच. त्यांनी अट घातली. "मागे दोरी बांधीन, ती माझ्या हातात राहील. तुला आपलं आपण थांबता आलं तरच सोडीन. नाहीतर हे खूळ आजच बंद!"

म्हणजे सगळं त्या थांबण्यावर अडलं होतं. तळ्यावर उतरल्यावर आत्या झकास वेग घ्यायची, पण तिने काठ्या रोवायच्या आतच बाबा घाबरून दोरी खेचायचे. तीनदा हेच झालं. मी नुसते दातओठ खात होते.

"अरे धाकट्या, थांबू दिलंस तर थांबेन ना मी!" आत्या भडकली.

बाबांना नाक पुसायचं होतं. त्यांनी सवयीने वाकून खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले आणि निश्चिंत मनाने दोरी खाली टाकली. ब्रेक लागले चाकांना. चाकं होती पट्ट्यांवर बांधलेली, आणि पट्ट्यांना कसला आलाय ब्रेक? आत्याच्या हे लगेच लक्षात आलं. तिने मला डोळा मारला आणि काठ्या हाणल्या.

काय सुटली म्हणून सांगू! बर्फ नुसता सूंऽ वाजत होता. बाबा मागून ओरडताहेत, "अगं, ब्रेक लावलेत! ब्रेक लावलेत मी!" आणि आत्या खिदळतेय. मीही किंचाळत होते, भीतीने की आनंदाने ते देव जाणे. बाबा तिच्यामागे धावले, आठ पावलांत आडवे झाले आणि घोटा मुरगळून घेतला.

त्यांची आरोळी ऐकून आत्याने एक काठी रोवली, गर्रकन वळली आणि आली ती थेट त्यांच्या अंगावर. बाबांनी डोळे गच्च मिटले. दोन्ही काठ्या करकरल्या, बर्फाचा चुरा बाबांच्या मिशांवर उडाला आणि खुर्ची त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली.

"थांबले की नाही?"

बाबांनी एक डोळा उघडला. मग ते उठून बसले आणि खुर्चीच्या बाजूने मागे हात घालून त्यांनी दोरीची गाठ सोडली. मला इतका आनंद झाला की मी जोरजोरात टाळ्या पिटल्या, पण हातात लोकरीचे मोजे, आवाज कुठला येणार!

बाबा उठायला गेले तर पाय टेकवेना.

"ये, मांडीवर बस," आत्या म्हणाली.

"ताई, तुझे पाय दुखतील गं."

"माझ्या पायांना काय कळतंय? बस मुकाट्याने!"

साठीला आलेला माणूस थोरल्या बहिणीच्या मांडीवर अंग चोरून बसला. आत्याने काठ्या मारल्या. आधी बाबा "हळू, ताई, हळू!" करत होते. तळ्याच्या मध्यावर पोचले तेव्हा हात उंचावून ओरडत होते, "डावीकडून काढ! पुढे घसरणाऱ्या त्या दोघांना मागे टाक!" मी दोरी गुंडाळत मागून जिवाच्या आकांताने धावत होते आणि अंतर वाढतच चाललं होतं.