सात नंबरचा चिमटा

भात कापून झालं की किन्हवलीच्या मोकळ्या खाचरात एक गृहस्थ दर रविवारी रिमोटचं विमान उडवायचे. आखातातली नोकरी सोडताना हे जुनं सामान त्यांनी सोबत आणलं होतं. रिमोट चालू करण्याआधी ते कुंपणाच्या तारेला आपल्या रिमोटच्या फ्रिक्वेन्सीचा नंबर लिहिलेला कपड्यांचा चिमटा लावायचे.

"तिकडं आमी वीसजण उडवायचो. एकाच नंबरवर दोन रिमोट लागले की विमान पडायचं. म्हणून चिमटा दिसला की दुसऱ्यानं थांबायचं."

"पण इथं दुसरं आहे कोण?" मी विचारलं.

"कोनी नाय. आला तर?"

मग सात नंबरचा चिमटा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "हा तुमचा. रविवारी या, शिकवतो."

मी हसून तो खिशात टाकला. गेलो मात्र नाही. पुढच्या हिवाळ्यात खाचर रिकामंच होतं; ना ते गृहस्थ, ना तारेला चिमटा.

सात नंबर आमच्या दोरीवर माझं बनियन धरून आहे.