घरातल्या सायकलीचं लिंबू

कानातला तोल गेला आणि माझा रस्ता बंद झाला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, पण घरात. पोहा, पण पाण्यात उतरू नका, असलाच हा सल्ला.

राहुरीहून मुळा धरणाकडे मी रोज पहाटे सायकलवर जायचो. लेक शाळेत होती तेव्हा माझ्या मागे यायची, कॉलेजात गेल्यावर पुढे. चढ संपला की वर थांबून माझी वाट बघायची आणि मी धापा टाकत पोचलो की लगेच निघायची. मला दम खायलाही वेळ द्यायची नाही, त्याचा फार राग यायचा. आता ती पुण्यात नोकरीला आहे, आणि तसा राग पुन्हा एकदा यावा असं मनापासून वाटतं.

व्यायामाचा स्टँड तिनेच पाठवला. त्यात मागचं चाक अधांतरी राहतं आणि एक रूळ टायरला घासतो, तेवढाच पायांना जोर. माझी काळी सायकल उंच, दांडीवरून पाय टाकताना भोवळ यायची. लेकीची बुटकी होती, पण तिचं मागचं चाक कधीच वाकडं होऊन बसलेलं. बायको म्हणाली, नवं आणा. मी हट्टाला पेटलो. धरणाचा रस्ता माझ्या चाकाला पाठ होता, तेच बसवायचं.

ते बसता बसेना. लेकीच्या सायकलीत चाकाची जागा रुंद, माझं चाक अरुंद, दोन्हीकडे फट. लांब एक्सल आणला आणि नळाच्या पाइपाच्या चकत्या कापून त्यावर चढवल्या. आधी सगळ्या एकाच बाजूला घातल्या, तर चेन सारखी उतरायची. मग निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. चाक जरा मोठं म्हणून मडगार्ड काढला. ब्रेक जुळेनात, तेही काढले. जायचंच नव्हतं कुठे, तर थांबायचं कशाला?

दसऱ्याला बायकोने सायकल पुसली, हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि हाताच्या सवयीने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दर दसऱ्याला ते चिरडूनच मी फाटकाबाहेर पडायचो. मी बसलो, पाय मारले. मागचं माझं चाक गरागरा फिरलं. पुढचं, लेकीचं, जागचं हललं नाही.

बायकोने जरा वेळ पाहिलं, मग लिंबू उचललं. "ऱ्हाऊ द्या. रस्त्यावर जायचं आसंल तर लिंबू लागतं. घरातल्या घरात काय व्हायचं हाय?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. पण मला रडू आलं. मला काहीतरी व्हायला हवं होतं. खड्डा हवा होता, समोरून उसाची ट्रॉली हवी होती, छाती फुटेस्तोवर चढ आणि वर थांबलेली लेक हवी होती. मान खाली घालून मी पाय मारत राहिलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून परत आली. वाकली आणि लिंबू होतं तिथे ठेवलं.

ते अजून तिथेच आहे. सुकून सुपारीएवढं झालंय. केर काढताना ती त्याच्या कडेकडेने झाडते.