एका दिवशी जन्मलेली पाच मुलं

अक्षर माझंच होतं. सहीही माझीच. पण ही तारीख मी कुठून आणली, ते काही केल्या आठवेना.

टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर उघडं होतं. पहिलीत प्रवेश घेतला की मुलाची जन्मतारीख या रजिस्टरात चढते आणि पुढे जन्मभर तीच त्याच्या मागे राहते. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक होतो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी वंदनाने मला घरून शाळेत बोलावून आणलं.

वंदनाची मुलगी समीक्षा माझी जुनी विद्यार्थिनी. आता तालुक्याच्या हायस्कूलमध्ये दहावीत होती. पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी तिची भारताच्या टीममध्ये निवड झाली होती. निवड आधार कार्डावर झाली. त्यावर एक जानेवारी ही तारीख होती. मग शाळेचा दाखला मागितला. त्यावर निघाली दहा जून, तीही आधीच्या वर्षातली. त्या हिशेबाने पोरगी साडेपंधरा वर्षांची, म्हणजे बाद. कागद नीट करून द्यायला आठ दिवस मिळाले होते.

"खरी तारीख कोणती?" मी वंदनाला विचारलं.

"दोन्ही नाई," ती म्हणाली. "पोरगी तान्ह्या पोळ्याची आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची. जून कुठून आणला गुरुजी तुमी?"

पंचांगावरून हिशेब केला. समीक्षा सव्वाचौदा वर्षांची निघाली. आता एका मुलीच्या तीन जन्मतारखा झाल्या आणि माझं डोकं चालेना. जन्माचा दाखला मिळाला तरच खरं-खोटं कळणार होतं. आमच्या ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. साहजिकच आहे, पहिलं बाळंतपण माहेरी. वंदनाचं माहेर सिंदी रेल्वे या गावचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंदीला गेलो. तिथल्या जन्मनोंदणीच्या क्लार्कने दोन वर्षांची रजिस्टरं चाळली.

"नाई गुरुजी. या नावाची बाई नाई यात."

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. बाई समोर उभी, पोरगी मैदानावर पळतेय आणि जन्म मात्र कुठेच झालेला नाही. वंदनाही घाबरली. मला तर तिचाच संशय येऊ लागला. शेवटी सहज विचारलं, "दवाखाना कोणता होता?"

"सेलूचा."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी माहेर विचारलं. माहेर सिंदीच आहे ना. त्या दिवशी रस्त्यावर नंदीच नंदी. गाडी निघेना इथून, म्हणून भावानं मागच्या रस्त्यानं सेलूले नेलं."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांनी लाकडी नंदी घेऊन निघायचं. इतर गावांत नंदी हातात मावतो, सिंदीत तो घराच्या छपराला लागतो. आणि नोंद आईच्या माहेरी होत नाही, जिथे बाळ जन्मतं तिथे होते. हे मी तीस वर्षं पालकांना समजावून सांगितलं होतं, आणि स्वतः मात्र सिंदीत रजिस्टर शोधत बसलो.

सेलूला दहा मिनिटांत नोंद सापडली. तारीख तान्ह्या पोळ्याचीच. मला वाटलं, सुटलो.

वर्ध्याला शिक्षण विभागात एक मॅडम बसतात. शाळेच्या रजिस्टरातली तारीख बदलायची तर त्यांची मंजुरी लागते. त्यांनी दाखला पाहिला आणि बाजूला ठेवला.

"गुरुजी, स्पर्धा आली की सगळ्याच पोरींचं वय कमी होते. यात पोरीचं नाव नाई. ही नोंद तिच्या पाठच्या बाळाची नाई कशावरून? तुमच्या रजिस्टरात जून आहे. तुमी खोटं लिहिलं होतं का?"

"काही तरी चूक झाली असेल," मी म्हणालो.

मॅडमनी मी सोबत नेलेलं रजिस्टर ओढून घेतलं. त्यांचं बोट समीक्षाच्या नावावरून खाली आलं, मग वर गेलं.

"तुमच्या गावात दहा जूनला पाच बाळंतपणं झाली होती का गुरुजी?"

मी पाहिलं. पाच मुलं, ओळीने, सगळी दहा जूनची. आणि तेव्हा आठवलं. त्या वर्षी पटसंख्या, म्हणजे शाळेतल्या मुलांचा आकडा, पाचाने कमी पडत होता. तो भरला नसता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती. मी अंगणवाडीतून पाच मुलं उचलून आणली आणि सगळ्यांना सहा वर्षांचं केलं. समीक्षा तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. दुपारी पाटीवर डोकं टेकून झोपायची. मी तिला उठवून पाढे विचारायचो, आले नाहीत की उभं करायचो.

मला फार लाज वाटली.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "जाणूनबुजून लिहिलं."

"हेच कागदावर द्या. सहीनिशी. चौकशी होईल तुमची."

मी दिलं. तारीख दुरुस्त झाली, समीक्षाचे कागद सातव्या दिवशी गेले. मला निवृत्तीनंतर कारणे दाखवा नोटीस आली. आमच्या गावात असा मान आजवर कोणाला मिळाला नव्हता.

टीम पहिल्याच फेरीत हरली. समीक्षा एका सामन्यात शेवटची वीस मिनिटं खेळली. आम्ही ती ग्रामपंचायतीसमोर मोबाईलवर पाहिली, त्यातला निम्मा वेळ रेंज नव्हती. परत आल्यावर ती पेढे घेऊन घरी आली. आईकडून तिला सगळं कळलं होतं.

"गुरुजी, म्हणून मले पाढे येत नव्हते का?"

"हो," मी म्हणालो.

"मी समजो, मी ढ आहे." तिने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि पाया पडली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार मुलांचे बाप दारात उभे. आमच्याही पोरांची तारीख खरी करून द्या म्हणाले. मी अजून त्याच कागदांमागे फिरतो आहे. आता मी आधी दवाखाना विचारतो, गाव नंतर.

माझी स्वतःची जन्मतारीख एक जुलै आहे. आई सांगायची, मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी झालो.