टाळूवरची हळद

गुन्नम्माचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. सुकी मासळी न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यावर नाही, सरकारी वहीवर तर नाहीच नाही. वाळूत मासळी पसरताना ती चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी पेटवायची आणि तिथल्या बायकांच्या रीतीने जळतं टोक तोंडात घेऊन ओठ मिटायची. असं केलं की समुद्राच्या वाऱ्याने तो विझत नाही आणि मासळीवर राखही पडत नाही. आईने शिकवलेलं. चाळीस वर्षं विस्तव तोंडात ठेवला, पण तोंड कधी भाजलं नाही, हे ती तोऱ्यात सांगे.

अशा बाईच्या दारात आरोग्य खात्याची तविटम्मा टॉर्च आणि मोबाईल घेऊन उभी राहिली.

"तोंडाच्या आतला फोटो? कशाला गं?"

"टाळू बघायचीय, पिन्नी," तविटम्मा तिला मावशीच्या नात्याने म्हणाली. "चुट्टा ओढणाऱ्या सगळ्यांची बघतेय."

"मागे बंदराच्या नावाने वहीत अंगठा घेऊन गेलात. आता टाळू नेणार!"

"दात मोजायला आली असेल," शेजारची पोलम्मा तोंडातला चुट्टा काढून खिदळली. "दोनच तर उरलेत हिचे."

ते झोंबलं आणि गुन्नम्माने रागाने आ वासला. फोटोत पांढरी पडलेली टाळू दिसली आणि डावीकडे मागे एक लाल चट्टा.

तविटम्मा हळूच म्हणाली, "हे चांगलं लक्षण नाही, पिन्नी. श्रीकाकुळमच्या दवाखान्यात दाखवू. कॅन्सर असला तरी आत्ता थोडक्यात सुटशील. वाढला तर टाळूच काढतात."

"दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणे कॅन्सर! ही माझी टाळूच नव्हे. दुसऱ्या कुणाचं तोंड माझ्या गळ्यात मारतेस!"

आता, स्वतःची टाळू कुणी कधी पाहिलेली असते? म्हातारीचं अगदीच चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सापळा लावला. तविटम्मा गल्लीत शिरलेली दिसताच ही दार लोटून आत गेली, ओल्या हळदीत अंगठा बुडवला आणि डावीकडे मागे टाळूवर चांगला दाबला. पोरगी खोटी असेल, तर तिच्या फोटोत हळद दिसणार नाही. मग सगळ्या गल्लीसमोर तिची अब्रू काढायची. तिने बायकांनाही हाका मारून गोळा केलं.

"काढ परत फोटो. सगळ्यांना दाखव."

मोबाईलवर पिवळाधमक अंगठा उमटला होता. अर्धा पांढऱ्या टाळूवर, अर्धा त्या लाल चट्ट्यावर.

गुन्नम्मा बघतच राहिली. एवढ्या जोरात दाबलं होतं आणि तिथे काहीच कसं दुखलं नव्हतं? आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच तोंडाचा संशय आला.

"बस किती वाजता आहे गं?" तिने विचारलं.

दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण नखाएवढा. तेवढाच कापला आणि टाळू वाचली. अजून सहा महिने थांबली असतीस तर हे जमलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. गुन्नम्माने तीनदा विचारून त्याची खात्री करून घेतली.

महिन्याभराने ती तविटम्माचा टॉर्च हिसकावून पोलम्माच्या दारात गेली.

"आ कर."

"चल गं! मला कुठे काय दुखतंय?"

"मलाही दुखत नव्हतं," गुन्नम्मा म्हणाली. "आ कर."