धाकटीचं रक्त

काचपट्टीवर नाव पेन्सिलीनेच घालायचं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी शाईचं पेन वापरलं. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत सुविचार मीच लिहायचो. पट्ट्या स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि दोन्ही नावं धुऊन निघाली.

एकीवर थोरलीचं रक्त होतं, दुसरीवर धाकटीचं. या दोघी रानमांजरी सख्ख्या बहिणी. त्यांची जात आता जंगलात बोटांवर मोजण्याइतकी उरलीय, म्हणून दोघी आमच्या संवर्धन केंद्रात. थोरली चार दिवस उपाशी. गोचिडातून रक्तात शिरणारे परजीवी तिला झालेत, असा डॉक्टर मॅडमचा अंदाज. औषध जालीम, रोग नसताना दिलं तर मूत्रपिंडंच जायची. दोघींना पुन्हा भूल दोन दिवस तरी देता येणार नव्हती, आणि रोग काही दोन दिवस थांबणार नव्हता.

प्रयोगशाळेतले काका आमच्याकडे सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेत. त्यांचा उजवा डोळा एरवीही अर्धा मिटलेला असतो. काकू म्हणतात, "माझ्याकडेही असेच बघतात. जणू मी काही लपवलंय."

त्यांनी एक पट्टी पाहून बाजूला ठेवली. दुसरीवर मात्र बराच वेळ हलले नाहीत.

"हिच्यात आहेत. तांबड्या पेशींत, बारक्या अंगठ्यांसारखे."

"कोणाची पट्टी, काका?"

"ते तुम्ही सांगायचं, अक्षरसम्राट." मग त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. "थोरलीचं रक्त मी पसरलं, धाकटीचं तू. बरोबर?"

थेंब दुसऱ्या काचेच्या कडेने एका दमात पुढे सारायचा असतो. काकांच्या पट्टीवर तो जिभेसारखा निमुळता होत गेला होता. माझ्या पट्टीवर भिंतीला ओल आल्यासारखा पसरला होता.

अंगठ्या माझ्या पट्टीत होत्या. म्हणजे धाकटी. सकाळीच जाळीवर झेप घेऊन माझा हातमोजा फाडणारी.

मॅडम म्हणाल्या, "आजारी थोरली दिसतेय, काका. नुसत्या डागाच्या आकारावरून धडधाकट जनावराला विष टोचू?"

"माझा हात मी ओळखतो, मॅडम. हा रोग वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

"लिहून द्याल?"

काकांनी सही केली.

इंजेक्शननंतर धाकटी कोपऱ्यात जाऊन बसली आणि मांसाकडे पाठ फिरवली. औषधाने की रोगाने, सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त बघायचं होतं. रविवार, पाळी माझी. मला ताप भरला.

"झोप तू," काका म्हणाले. "रविवारी काकू तशाही मला घरात टिकू देत नाहीत."

दुपारी त्यांचा फोन आला. "धाकटीच्या अंगठ्या निम्म्यावर आल्या. खाल्लंही थोडं."

मी सुटकेचा श्वास टाकला.

"आणि थोरली, काका?"

"तिच्यातही आज दोन सापडल्या. रक्त काढताना भूल द्यावी लागली नाही. ती हललीच नाही."

होतं ते औषध धाकटीला संपलं होतं; नवं दुसऱ्या दिवशी पोहोचणार होतं. थोरली तोवर तगली नाही.

काकांचा तो एक रविवार मी त्यांना देणं लागतो. पण परत कधी करायचा? तेव्हापासून दर रविवारी ते स्वतःच येऊन बसतात, थोरलीची ती पहिली पट्टी पुन्हा बघायला.